सप्तसागर सरोवराच्या काठी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराच्या नैर्ऋत्येस वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही मनोरंजननगरी वसलेली आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तिचा विस्तार सुमारे चाळीस चौरस मैल आहे. चार मोठी उद्याने, वीसहून अधिक निवासगृहे आणि स्वतःची बससेवा असलेल्या या नगरीत आपल्याकडची अनेक कुटुंबेही जाऊन आलेली असतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली, की आई-वडिलांच्या पहिल्या भेटीत नायगारा आणि दुसऱ्या भेटीत, नातवंडांच्या हट्टाखातर, डिस्ने असा क्रम जणू ठरूनच गेला आहे. उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास परवानगी असल्यामुळे खाकरे, दशम्या आणि मेथीचे ठेपले यांचे डबे सोबत जातात, आणि कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांची दुपार निभावते.

या नगरीतील सर्वांत देखणी जागा म्हणजे सेव्हन सीज लगून, अर्थात सप्तसागर सरोवर. हे सरोवर निसर्गनिर्मित नाही. मूळच्या दलदलीच्या भूमीत ते खोदले गेले आणि निघालेली माती मुख्य उद्यानाची पातळी उंचावण्यासाठी वापरली गेली. म्हणूनच मॅजिक किंगडममध्ये चालणारा प्रवासी वस्तुतः दुसऱ्या मजल्यावरून चालत असतो. त्याच्या पायाखाली कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याची भुयारे आहेत. शेजारचे बे लेक मात्र नैसर्गिक आहे. दोन्ही जलाशयांना जोडणारा पाण्याचा पूल असून रस्ता त्या पुलाच्या खालून जातो. सरोवराभोवती मोनोरेल फिरते आणि काठावर १९८८ मध्ये सुरू झालेले ग्रँड फ्लोरिडियन हे भव्य निवासगृह उभे आहे. त्याच्या पुढ्यात पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. समुद्र तेथून बराच दूर आहे. किनाऱ्याचा हा आभास मनुष्यानेच निर्माण केलेला आहे.

याच वाळूवर १४ जून २०१६ रोजी रात्री नऊच्या सुमारास नेब्रास्काहून आलेल्या एका कुटुंबाचे दोन वर्षांचे बालक उथळ पाण्यात उभे होते. किनाऱ्यावर उघड्या आकाशाखाली चित्रपट दाखवला जात होता. अलिगेटर जातीच्या मगरीने त्या बालकाला पाण्यात ओढून नेले. वडिलांनी झेप घेऊन मगरीशी झुंज दिली, पण त्यांना यश आले नाही. दुसऱ्या दिवशी बालकाचा मृतदेह सापडला. काठावर फलक होता, पण त्यावर केवळ पोहण्यास मनाई आहे एवढेच लिहिलेले होते. का मनाई आहे, हे लिहिलेले नव्हते.

त्या आठवड्यात ऑर्लँडोवर आघातांमागून आघात झाले. १० जूनला कार्यक्रम संपल्यावर एका तरुण गायिकेची गोळ्या झाडून हत्या झाली. १२ जूनच्या पहाटे पल्स नावाच्या नाइट क्लबमध्ये ४९ जणांचे प्राण गेले. त्यांत युनिव्हर्सल उद्यानात काम करणारा एक तरुणही होता. डिस्ने आणि युनिव्हर्सलची मालक कंपनी या दोघांनीही पीडितांसाठीच्या निधीला प्रत्येकी दहा लाख डॉलर दिले. पुढे न्यायालयात सरकारी पक्षाने सांगितले, की हल्लेखोराचे मूळ लक्ष्य डिस्नेच्याच बाजारपेठेचा परिसर होता. ज्यांची तिकिटे काढून झाली होती, त्या कुटुंबांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

डिस्नेचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर त्या वेळी शांघायमध्ये होते. १६ जूनला तेथील नव्या उद्यानाचे उद्घाटन होते आणि त्यासाठी कंपनीचे अब्जावधी डॉलर व कित्येक वर्षांचे श्रम खर्ची पडले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा आरंभ त्यांनी या दिवसांच्या वर्णनानेच केला आहे. प्रवक्त्यामार्फत शोकसंदेश पाठवून न थांबता त्यांनी मुलाच्या आई-वडिलांना स्वतः दूरध्वनी केला. आपल्या मुलाचे जाणे व्यर्थ जाऊ नये, दुसऱ्या कोणाच्या मुलावर अशी वेळ येऊ नये, एवढेच वचन वडिलांनी मागितले. संकटकाळात मोठ्या संस्थेतील पहिला सल्ला बहुधा विधी विभागाचा असतो आणि तो मौन पाळण्याचा असतो. तो सल्ला बाजूला ठेवण्यास किती धैर्य लागते, हे मोठ्या संस्थेत आयुष्य घालवलेल्यांना समजेल.

त्यानंतरच्या हालचाली वेगाने झाल्या. किनारे बंद झाले. काही दिवसांतच दोरखंडांची कुंपणे उभी राहिली आणि मगरी व साप यांचा स्पष्ट उल्लेख करणारे सचित्र फलक लागले. पुढे दोरखंडांची जागा दगडी बांधांनी घेतली. मिरवणुकीतील मगरीचे पात्र आणि जंगल सफरीतील मगरींवरचे विनोद वगळल्याच्या बातम्याही आल्या. त्या कुटुंबाने कंपनीवर दावा न करण्याचे ठरवले आणि अवयव प्रत्यारोपणाची गरज असलेल्या मुलांच्या कुटुंबांना साहाय्य करणारी संस्था स्थापन केली. तिचे चिन्ह दीपस्तंभ आहे. २०१७ मध्ये ग्रँड फ्लोरिडियनच्या आवारात दीपस्तंभाचे एक लहानसे शिल्प बसवण्यात आले.

तथापि कंपनीची ही तत्परता वाखाणताना एक प्रश्न उरतोच. जो फलक तीन दिवसांत लागू शकतो, तो पंचेचाळीस वर्षांत का लागला नाही? फ्लोरिडात अलिगेटरांची संख्या सुमारे तेरा लाख असल्याचे तेथील वन्यजीव खाते सांगते. स्थानिक माणूस प्रत्येक तळ्यात मगर असणारच असे गृहीत धरून चालतो. नेब्रास्काच्या किंवा सांगलीच्या पाहुण्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मायानगरीत भयाचा उल्लेख नको, या धोरणाची ही किंमत होती, असे म्हणावे लागते.

आणखी एक बाब आपल्या वाचकांना बोचल्याशिवाय राहणार नाही. त्या शोधमोहिमेत अनेक मगरी पकडून मारण्यात आल्या. तो जीव आपल्या स्वभावानुसार आपल्या पाण्यात वावरत होता. मगरींना खाऊ घालणे फ्लोरिडात कायद्याने गुन्हा आहे, कारण अन्नाच्या लोभाने त्यांची माणसाविषयीची भीती नाहीशी होते आणि अखेर त्यांनाच उपद्रवी ठरवून ठार केले जाते. १९४८ पासून २०१६ पर्यंतच्या नोंदींत त्या राज्यात मगरीच्या विनाकारण हल्ल्याने झालेले मृत्यू दोन डझनांच्या आसपासच आहेत. अनुकंपेने टाकलेला पावाचा तुकडाही अशा ठिकाणी हिंसेला कारण होतो, हे प्रवासात मुलांना सांगायलाच हवे.

भयभीत प्रवाशांचा अनुभव या नगरीला नवा नव्हता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर काही तासांतच सर्व उद्याने रिकामी करण्यात आली. कर्मचाऱ्यांनी हातात हात गुंफून साखळी केली आणि गोंधळ न होऊ देता लोकांना प्रवेशद्वाराकडे नेले, असे तेव्हाच्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींत येते. दुसऱ्याच दिवशी दारे पुन्हा उघडली, पण माणसे येईनात. त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष बुश यांनी शिकागोच्या विमानतळावरील भाषणात नागरिकांना सहकुटुंब डिस्ने वर्ल्डला जाण्याचे आवाहन केले. राष्ट्रप्रमुखाने एका खासगी कंपनीच्या उद्यानाचे नाव घ्यावे, यावरून पर्यटन किती कोलमडले होते ते दिसते. कर्मचाऱ्यांचे कामाचे तास घटले. पॉप सेंचुरी हे नवे निवासगृह जवळजवळ सज्ज असूनही डिसेंबर २००३ पर्यंत उघडले नाही. त्याचा तळ्यापलीकडील अर्धा भाग तर वर्षानुवर्षे अपुराच राहिला आणि मोकळ्या खिडक्यांच्या त्या इमारती अलीकडच्या पाहुण्यांना रोज दिसत राहिल्या. शेवटी २०१२ मध्ये तेथे आर्ट ऑफ ॲनिमेशन हे वेगळेच निवासगृह सुरू झाले. मधला पूल मात्र जुन्या योजनेतलाच आहे.

तेव्हापासून पिशव्यांची तपासणी सुरू झाली. २००३ पासून उद्यानांवरील आकाशात विमानांना तीन हजार फुटांपर्यंत बंदी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये धातुशोधक यंत्रे आली आणि खेळण्यातील बंदुकांची विक्री थांबली. २०१७ मध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलच्या खोलीतून गोळीबार झाल्यानंतर येथील काही निवासगृहांच्या दारांवरील ‘व्यत्यय नको’ ही पाटी जाऊन ‘खोलीत पाहुणे आहेत’ अशी पाटी आली. पाटी लावलेली असली तरी कर्मचारी रोज एकदा आत येऊन पाहू शकतात. सामायिकास अठ्ठेचाळीस मिनिटे बसणाऱ्या ज्येष्ठांनी स्वागतकक्षाला आधी वेळ सांगून ठेवली, तर दारावरील टकटक टळू शकेल. चक्रीवादळाची भीती असणाऱ्यांसाठीही नियम आहे: येण्याच्या आधीच्या सात दिवसांत ऑर्लँडो परिसरासाठी किंवा स्वतःच्या गावासाठी अधिकृत इशारा दिला गेला, तर डिस्ने शुल्क न आकारता तारीख बदलून देते. विमानाच्या तिकिटाचे नियम मात्र वेगळे असतात, हे पुष्कळ जण विसरतात.

सगळ्या उद्यानांना हे साधले असे नाही. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्डमध्ये थंडर रिव्हर रॅपिड्स या जलसफरीवर चार जण दगावले. दोनच दिवसांनी मालक कंपनीच्या वार्षिक सभेत प्रमुखांच्या बोनसचा विषय निघाला. पत्रकार परिषदेत मृतांच्या कुटुंबांशी संपर्क झाल्याचे सांगितले गेले आणि तो सर्वांशी झालेला नाही हे बातमीदारांनी तिथेच दाखवून दिले. प्रमुखांनी बोनसची रक्कम रेड क्रॉसला देण्याचे जाहीर केले, तोवर व्हायची ती हानी झाली होती. ती सफर कायमची पाडली गेली. २०२० मध्ये कंपनीला छत्तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

डिस्नेच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण आणि कार्यक्षमता हे चार निकष याच क्रमाने शिकवले जात. अलीकडे त्यांत समावेशकतेची भर पडली. सप्तसागर सरोवराच्या काठी या क्रमाचा अर्थ आता डोळ्यांना दिसतो. पांढरी वाळू आहे, आरामखुर्च्या आहेत, मध्ये दगडांचा बांध आहे आणि त्यावर मगरीचे चित्र असलेला फलक आहे. रात्री नऊच्या सुमारास १९७१ पासून चालत आलेली दिव्यांची जलमिरवणूक पाण्यावरून सरकू लागते. आई-वडील मुलांना कडेवर उचलून घेतात आणि बांधाच्या अलीकडूनच ती दाखवतात.