व्होल्गेतलं पळसदेव

मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग क्रूझ. कल्याझिन आलं आणि डेकवर कॅमेऱ्यांची एकच झुंबड! नदीच्या पाण्यात नुसता घंटाघराचा मनोरा. जुनं गाव, मठ, सगळं १९४०च्या सुमारास धरणात गेलेलं. याच मठात आशीर्वाद घेऊन १५व्या शतकात निघालेला अफनासी निकितिन चक्क आपल्या जुन्नरला पावसाळ्यात राहिला होता! मी उत्साहात सांगत होते. बाबा मात्र गप्प. त्यांचं पळसदेव उजनीत बुडालेलं.

‘‘आपल्या मांजरीची मुळा-मुठा पुढे भीमेतून तिथंच जाते बघ,’’ एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की तिथलं देऊळ वर येतं. ‘चल एकदा,’ असं बाबा किती वर्षं म्हणायचे. माझं आपलं ‘डेडलाइन आहे, नंतर!’ रशिया जमलं, पळसदेव नाही.

या मेमध्ये जाणार. नक्की.