शेवटची सोळा पानं

समर्थांचं ते पुस्तक माझ्या हाती पडलं तेव्हा त्याची शेवटची सोळा पानं गायब होती. एक अख्खा फर्मा. नारायण धारपांची भयकथांची पुस्तकं वाचनालयात कधी फळीवर दिसायचीच नाहीत. या हातातून त्या हातात फिरून त्यांची शिवण उसवलेली असायची.

आम्ही तेव्हा चिखल्याला होतो. बाबा मँगनीजच्या खाणीत. रात्री उशिरापर्यंत उजेड दिसला की खाटेवरून आवाज यायचा, "लाइट बंद कर बे, मले सकारच्या पारीवर जाना हाये." दिवा गेला की शेजारून धाकटा कुजबुजायचा, "मंग का झाला, दादा?"

भुतांचं आम्हाला अप्रूप नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक चिंचेला आणि बोडीला एकेक होतंच. अप्रूप होतं शहराचं. भाड्याची खोली, जिन्यातला अंधार, ऑफिसातून घरी आलेला कारकून, आणि त्याच्याच भिंतीतून आत येऊ पाहणारं दुसऱ्या मितीतलं काहीतरी! मग धारपांचे नायक समर्थ येत. डॉक्टरसारखे. आधी लक्षणं विचारणार, मग उपाय. मंत्र असत, पण मंत्रालाही नियम असत, प्रयोगशाळेत असतात तसे. धारप बी. एस्सी. (टेक) होते हे पुढे कळलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

तर, सोळा पानं. धाकट्याला 'माहीत नाही' सांगणं शक्यच नव्हतं. त्याच सुमारास मी जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' वाचली होती. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ही गोष्ट त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून पाठवली होती. म्हणजे माझे दोन्ही गुरू नारायणच. मी त्यांची सरमिसळ केली. समर्थ तुमसर रोडला तिरोडीची गाडी पकडतात, गोबरवाहीला उतरतात, आणि बाबांच्याच खाणीत खाली जातात. तळाशी एक विवर असतं. त्याच्या काठाशी घड्याळ मंदावतं आणि त्यातून 'ते' वर येत असतं. समर्थ त्याचं तोंड मँगनीजनं बुजवतात. मँगनीजच का? तो काळा दगड मूठभर उचलला तरी हात खाली ओढतो. एवढं जड काही ओलांडून कोण येणार?

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवर निघाले तेव्हा धाकट्यानं त्यांच्या डब्याच्या पिशवीत गुपचूप एक खडा टाकला. पुढे कितीतरी दिवस टाकत राहिला. बाबांनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी पिशवी मात्र रिकामी यायची.

'तुंबाड' चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांची हकीकत वाचली तेव्हा मी एकटाच हसलो. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना धारपांची 'आजी' सांगितली आणि त्यांची गाळण उडाली. नागझिरा तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला 1999 ला. पुढे त्यांनी छापील कथा वाचली, तर ती मित्रानं सांगितली तेवढी भयंकर नव्हतीच. मुळात 'आजी'देखील स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेली. म्हणजे किंगची धारपांनी सांगितली, धारपांची मित्रानं, आणि पडद्यावर 2018 साली आलं ते चौथंच काही.

साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं पुन्हा काढली, तेव्हा ते पुस्तक मी घेतलं. थेट शेवटाकडे गेलो. बरा होता. खरं सांगायचं तर घाईत गुंडाळल्यासारखा वाटला. मग धाकट्याला पुण्याला पाठवून दिलं. तो तिथे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, घरात इंग्रजी मालिकांच्या जाडजूड पुस्तकांची रांग आहे. आठवड्यानं रात्री अकराला फोन.

"दादा, हे पुस्तक चुकीचं हाये. समर्थ गोबरवाहीले उतरतच नाई ना!"

"नवीन आवृत्ती आहे," मी म्हणालो, "गाळलं असेल."