पानी

शाळेत पहिला मार बसला तो 'पानी' ह्या शब्दावरून. साल १९६४, गाव मराठवाड्यातलं. मास्तर म्हनले, "पाणी म्हण." मी म्हनलं, "पानी." छडी. "पाणी म्हण." पुन्हा "पानी." पोरं फिदीफिदी हसली. घरी मायला सांगितलं तर ती म्हनली, "हिरीवर तर आपल्याला शिवू देत न्हाईत. मंग निस्त्या शब्दासाठी कामून मारतेत?" मायच्या प्रश्नाचं उत्तर मास्तराकडं नव्हतं. पुढं मी ण शिकलो. बँकेत लागलो. चारचौघांत ण जरा ठासूनच म्हणायची खोड लागली, ती अजून आहे.

हे उकरायचं कारण अमेरिका. लेक-जावई कॅलिफोर्नियात, ऑक्सनार्ड गावाजवळ राहतात. त्यांच्याकडं चार महिने राहून आलो. जाताना डोक्यात एकच होतं : अमेरिका म्हणजे इंग्रजी. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. आणि त्याच माणसानं पुढं कोलंबियात जाऊन साऱ्या जगाशी इंग्रजीत वाद मांडला. म्हणून इंग्रजी आपल्याला परकी वाटत नाही. ती आपल्यासाठी दार आहे.

पण ऑक्सनार्डात बघतो तर दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, बसमधलं बोलणं स्पॅनिश, स्ट्रॉबेरीच्या रानात कंबर मोडून वाकलेली माणसं स्पॅनिश बोलणारी. त्या देशात चार कोटींवर लोक घरात स्पॅनिश बोलतात. आणि ही भाषा तिथं पाव्हणी म्हणून आलेली नाही. १८४८ पर्यंत कॅलिफोर्निया मेक्सिकोचाच होता. लढाई हरली, मुलूख गेला. १८४९ च्या राज्यघटनेत कायदे दोन्ही भाषांत छापायचं कबूल केलं होतं. १८७९ ला नवी घटना आली, कबुली गायब. कागदावरची वचनं कशी विरतात ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

मग शाळांची गोष्ट. मेक्सिकन पोरांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. कारण काय सांगितलं? पोरांना इंग्रजी येत नाही. वेस्टमिन्स्टर नावाच्या गावात मेंडेझ घराण्यातली पोरं नि त्यांची आतेभावंडं, सगळ्यांना घेऊन आत्या शाळेत गेली. आत्याच्या पोरांची कातडी उजळ, आडनाव फ्रेंच वाटावं असं. त्यांना प्रवेश. मेंडेझची पोरं काळसर, आडनाव उघड मेक्सिकन. त्यांना म्हनले, तुमची शाळा तिकडं. घर एक, बोली एक! आत्यानं आपलीही पोरं उचलली आणि घरी आली. १९४५ ला बाप कोर्टात गेला, १९४७ ला अपिलातही जिंकला. पोरांना इंग्रजी येतं का हे शाळावाल्यांनी नीट तपासलंच नव्हतं, हे कोर्टात उघडं पडलं. आडनावावरून माणूस ओळखायची विद्या फक्त आपल्याकडंच आहे असं मी समजत होतो. टेक्सासात तर मैदानात खेळताना स्पॅनिश बोललं म्हणून मार बसायचा. हे वाचलं आणि माझ्या तळहातावर जुनी छडी उमटली.

साहजिकच मी स्पॅनिशच्या बाजूचा झालो. नात दहा वर्षांची. तिच्या शाळेत निम्मं शिकणं स्पॅनिशमधी, निम्मं इंग्रजीत. १९९८ ला कॅलिफोर्नियानं मतदानानं असं शिकवण्याला लगाम घातला होता, २०१६ ला मतदानानंच तो काढला. नात घडाघडा स्पॅनिश बोलते म्हणून मी खूष.

एका संध्याकाळी बागेत बसलो होतो. पोरं खेळत होती. एक बुटकी, सावळी पोरगी झोक्याजवळ आली तसं एका पोरानं काहीतरी म्हनलं आणि बाकीची हसली. ते हसणं मी ओळखलं. नातीला विचारलं. ती म्हनली, "आजोबा, तो तिला वाहाकीता म्हणाला. ते वाईट असतं."

वाहाका हा मेक्सिकोच्या दक्षिणेतला प्रांत. तिथले मिश्टेक लोक रानात राबायला ऑक्सनार्डला येतात. त्यांची भाषा वेगळी, स्पॅनिश तिथं यायच्या आधीची. आपल्या भाषेत ते स्वतःला पावसाचे लोक म्हणवतात. कित्येक बायांना स्पॅनिश धड येत नाही. दवाखान्यात दुभाषा मिळतो तो बहुतेक स्पॅनिशचा. बाई मान डोलावते, औषध घेऊन जाते. आणि 'वाहाकीता' ही त्यांना मेक्सिकन लोकांनीच दिलेली शिवी : बुटके, काळे, अडाणी. २०१२ ला त्यांच्याच तरण्या पोरांनी ह्या शब्दाविरुद्ध मोहीम काढली आणि तिथल्या शाळा मंडळाला शब्दावर बंदी घालायला लावली. दहा-बारा वर्षं झाली. बागेत शब्द जिवंत होता.

म्हणजे कॅलिफोर्नियात जी भाषा मार खाते, तीच मेक्सिकोत पाचशे वर्षं मारत आलेली. मला बाप आठवला. निजामाच्या राज्यात त्याच्या वेळी सरकारदरबारी उर्दू, मराठी खालच्या पायरीवर. १९४८ ला निजाम गेला, मराठी वर आली. वर आली आणि सोळा वर्षांनी तिनंच माझ्या हातावर छडी मारली.

आता तिकडं नवा हुकूम आहे. १ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवली, आणि इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सोयी मिळाव्यात म्हणून २००० साली काढलेला क्लिंटनचा हुकूम रद्द केला. इंग्रजीला धोका म्हणे! स्पॅनिश घरांतली नातवंडंच इंग्रजीत झगडतात, आज्या ऐकत बसतात. मला विचाराल तर इंग्रजी कुठं जात नाही. स्पॅनिशही टिकेल, तिच्यामागं माणसं आहेत, मतं आहेत, शाळा आहेत. मला घोर आहे तो झोक्याजवळच्या पोरीचा. तिच्या मायची भाषा ना फळ्यावर, ना हुकमात. आपल्या चळवळीतली पोरं 'मराठी वाचवा' म्हणतात तेव्हा मी आता विचारतो : कुणाची? मायची का मास्तराची?

विचारतो खरं. पण त्या दिवशी बागेतून घरी आलो, नात तहानलेली. म्हनली, "आजोबा, पानी द्या ना." आणि माझ्या तोंडातून गेलं, "पाणी म्हण." पोरगी बघतच राह्यली. तिला मराठीची तेवढीच चार वाक्यं येतात. मी गप पेला भरून दिला. त्या रात्री झोप आली नाही.

परत आल्यावर तिचं पत्र आलं. मराठीत, पण रोमन अक्षरांत. उन्हाळा फार आहे का, तुमच्याकडं नळाला पाणी येतं का, असं विचारलंय. रोमनमधी न ला नि ण ला एकच अक्षर. मी तीनदा वाचलं. मास्तर असते तर छडी कुठं मारली असती कोण जाणे.