त्वचेचा रंधा

आमच्या घरांत वस्तरा पुरुषांच्या गालांवांचून अन्यत्र फिरल्याचें कोणास आठवत नाहीं. त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या पुतणीनें रात्रीच्या पंगतींत, ताकभात कालवितां कालवितां, 'मी चेहऱ्याचें डर्माप्लेनिंग करून घेणार आहें,' असें जाहीर केलें, तेव्हां सर्वांचे घांस क्षणभर हातांतच राहिले. भाऊजींना शब्दांची फोड करण्याचा छंद. 'डर्मा' म्हणजे ग्रीक भाषेंत त्वचा आणि 'प्लेन' म्हणजे इंग्रजींत सुताराचा रंधा, असें त्यांनीं सांगतांच मुलें खो खो हंसलीं. पंच्याऐंशीच्या घरांतल्या आमच्या सासूबाई मात्र हंसल्या नाहींत. 'बाईच्या अंगाला पातें लावायचें नाहीं,' एवढेंच बोलून त्या पानावरून उठल्या.

पुतणीची बाजूही सांगितली पाहिजे. ती चोवीस वर्षांची आहे. सोळाव्या वर्षापासून तिच्या ओठांवर व हनुवटीवर केस येतात. घरांतल्या आम्हीं सर्व बायकांनीं त्यावर यथाशक्ति उपाय सुचविले. डाळीचें पीठ आणि हळद, सायीचें उटणें, लहान बाळाची लव काढण्याकरितां फिरवितात तो कणकेचा गोळा, यांपैकीं तिच्या हनुवटीवरून कांहीं फिरावयाचें राहिलें नाहीं. पुढें ती दर आठवड्यास ब्यूटी पार्लरांत जाऊन ते केस दोऱ्यानें उपटवून घेऊं लागली. महाविद्यालयांत एका मुलानें तिला 'अहो काका' अशी हांक मारली होती, हें तिनें आम्हांस चार वर्षांनीं सांगितलें, आणि तेंही हंसत हंसत. छायाचित्र काढतेवेळीं ती हनुवटीखालीं मूठ धरून कां बसते, तें आम्हांस त्या दिवशीं कळलें. म्हणून 'काकू, तूं येशील ना बरोबर?' असें तिनें विचारल्यावर सासूबाईंचा शब्द बाजूस ठेवून आम्ही निघालों.

ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलों, त्यांनीं पातें हातीं घेण्यापूर्वीं प्रश्नच फार विचारले. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर पाण्याचे फोड उठतात का, जखम भरतांना व्रण फुगून वर येतो का, इसब आहे का, पाळी वेळेवर येते का. शेवटच्या प्रश्नाला पुतणी खालीं पाहूं लागली. मग बाईंनीं तिचा चेहरा भिंगाच्या दिव्याखालीं न्याहाळला आणि शांतपणें म्हणाल्या, 'हिचें आज करणार नाहीं.'

एक तर तिच्या गालांवर पिकलेले मुरूम होते. त्यांवरून पातें फिरविलें म्हणजे मुरूम फुटावयाचे आणि चेहरा अधिकच चिडावयाचा. दुसरें असें कीं, हा उपचार मुळांत मऊ, फिकट लवेसाठीं आणि कातडीच्या अगदीं वरच्या मृत पापुद्र्यासाठीं आहे. हनुवटीवरचे जाड, काळे केस पात्यानें कापले जातात खरे, पण मूळ जागच्या जागीं असल्यामुळें थोड्याच दिवसांत तेथें खुंट हाताला लागतात. 'आणि,' बाई म्हणाल्या, 'असे केस, हे मुरूम आणि तीन-तीन महिने न येणारी पाळी, हीं सारीं एकाच घरचीं असूं शकतात.' शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोघां डॉक्टरांनीं १९३५ सालीं ज्या विकाराचें वर्णन केलें आणि ज्यास पुढें पीसीओएस हें नांव रूढ झालें, त्याची शंका घेऊन त्यांनीं रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली.

त्या वेळीं आम्हांस काय वाटलें तें सांगण्यास संकोच होतो. तिची पाळी चुकते हें घरांतल्या सर्व बायकांना ठाऊक होतें. हनुवटीवर केस येतात हें तर दिसतच होतें. आठ वर्षें आम्हीं पहिल्या गोष्टीस 'लग्न झालें कीं होईल नीट' म्हटलें आणि दुसरीस पीठ लावलें. आमच्या घरांत पांच पदवीधर बायका आहेत. या दोन गोष्टी एका सुतांत ओवून पाहाव्या, असें पांचांपैकीं एकीलाही सुचलें नाहीं.

वेळ राखून ठेविलेलीच होती. 'काकू, तूंच करून घे. निदान कसें असतें तें तरी मला कळेल,' असें पुतणी म्हणाली. वयपरत्वें आमच्या गालांवर लव दाट झाली आहे. पावडर लाविली कीं गवतावर दंव पडल्यासारखी दिसते. तेव्हां फारसे आढेवेढे न घेतां आम्ही खुर्चीवर मान टेकली.

प्रथम चेहरा धुऊन, तेलकटपणा जावा म्हणून स्पिरिटसारख्या द्रवानें पुसला. मग बाईंनीं आमच्या डोळ्यांदेखत पाकीट फाडून नवें पातें काढलें. हें न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखें लांब नसतें. शस्त्रक्रियेच्या सुरीचें असतें तसें आंखूड, एकधारी, पोटाशीं किंचित् गोलाकार. डाव्या हातानें कातडी ताणून धरावयाची, उजव्या हातांतलें पातें सुमारें ४५ अंशांत कलतें ठेवावयाचें, आणि पिसानें झाडावें तसे हलके, आंखूड फटकारे मारावयाचे. भूल नाहीं, कारण भूल लागावी असें दुखतच नाहीं. आम्हांस आश्चर्य वाटलें तें आवाजाचें. कढईची खरवड उलथन्यानें काढतांना होतो तसाच, पण फार बारीक, आणि तो थेट आपल्या कानाच्या मुळाशीं! मधून मधून बाई पातें कापसावर पुसत. शेवटीं तो कापूस आम्हांस दाखविला. त्यावर राखेसारखी करडी-पांढरी लव आणि कोंडा मिळून नखभर ढीग होता. पापण्या आणि नाकपुड्यांच्या कडा त्यांनीं सोडून दिल्या. जबड्याच्या वळणावर एक बारीकसा चरा उमटला, त्याबद्दल त्यांनीं आधींच सूचना दिली होती. एवढें सारें अर्ध्या तासाच्या आंत आटोपलें.

घरीं येईपर्यंत गाल लालसर होते आणि घाम आला कीं चुणचुणत. दुसऱ्या दिवशीं कातडी ओढल्यासारखी वाटली, तिसऱ्या दिवशीं तेंही गेलें. पथ्यें मात्र पाळावीं लागतात. उन्हांत जाणें टाळावें, जावेंच लागलें तर सनस्क्रीन लावून जावें; कांहीं दिवस आम्लयुक्त किंवा रेटिनॉलचीं मलमें लावूं नयेत; आणि आपलें प्रिय उटणें तर मुळींच चोळूं नये. आपल्या सांवळ्या वर्णास हें विशेष सांगावें लागतें, कारण आपली कातडी चिडली कीं पुष्कळदां काळा डाग मागें ठेवते. गाल गुळगुळीत झाले, पावडर सरळ बसूं लागली, चेहऱ्यावर थोडा तजेला आला. वांग होता तेथेंच आहे, सुरकुत्याही आहेत. ज्यांस याहून अधिकाची आशा असेल त्यांनीं पैसे घरींच ठेवावे.

सर्वांत मोठें भय म्हणजे 'लव काढली, आतां दाढी येईल,' हें. त्याचा निकाल फार जुना आहे. अमेरिकेंतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनीं दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले, आणि वस्तऱ्यानें केस जाड होत नाहींत कीं भरभर वाढत नाहींत, असें १९२८ सालीं प्रसिद्ध केलें. केसाचा जो भाग बाहेर दिसतो तो मृतच असतो. तो कापला गेल्याची वार्ता मुळापर्यंत पोहोंचणार कशी? निमुळतें टोक जाऊन बोथट टोक राहतें, म्हणून बोटास तो राठ लागतो, इतकेंच.

सासूबाईंचेंही भय हेंच असावें, असें आम्ही समजत होतों. संध्याकाळीं दिवा लावून झाल्यावर त्यांनीं आम्हांस जवळ बसविलें. रागें भरतील असें वाटलें होतें. पण त्या वाईच्या आपल्या माहेराविषयीं बोलूं लागल्या. १९४७ सालीं त्या सात वर्षांच्या होत्या. घरांत त्यांच्या वडिलांची आत्या होती, अकराव्या वर्षीं विधवा झालेली, तांबड्या अलवणांतली. दर पंधरवड्यास न्हावी मागल्या दारीं येई आणि आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसत. मुलांना तिकडे फिरकण्याची बंदी असे. सासूबाई कोठीच्या दाराआड उभ्या राहात. 'रडायची नाहीं, बोलायची नाहीं. नुसता वस्तऱ्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र.'

मग त्यांनीं आंगठा आमच्या गालावरून हळूच फिरविला.

'आवाज झाला का गं?'

'झाला, आई.'

'तूं आपण होऊन बसलीस ना?'

'हो.'

बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, 'पोरीच्या रक्ताचा निकाल कधीं आहे?'

शुक्रवारीं रिक्षांत आम्ही तिघी होतों. बाईंचा तर्क खरा ठरला. औषध सुरू झालें, पाळी येऊं लागली. हनुवटीचे केस मात्र हट्टी, त्यांस वेळ लागेल असें बाईंनीं आधींच बजाविलें आहे. मुरूम पुरते बसल्यावर गालांवर पातें फिरवून घ्यावयाचें कीं नाहीं, तें पुतणीनें अजून ठरविलेलें नाहीं. आमची लव महिन्याभरांत परत आली, पूर्वीं होती तेवढीच मऊ. सासूबाई मधून मधून हात लावून पाहतात.