लाखीशची गाडी आणि आजीचा वरवंटा

प्राचीन वस्तूंचें संग्रहालय पाहावयास जातांना आठ महिन्यांचें तान्हें मूल बरोबर न्यावें, हें पुष्कळांस वेडेपणाचें वाटेल. मलाही तसेंच वाटलें होतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत धाकट्या बहिणीच्या बाळाचें कोडकौतुक करण्यासाठीं मी लंडनला गेलें असतां हा योग घडून आला. आणि पदवीपरीक्षेसाठीं वाचलेल्या जाडजूड ग्रंथांतून जें मला लाभलें नव्हतें, तें त्या एका दिवसानें दिलें. म्हणून ही हकीकत माझ्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावी असें मनांत आलें.

ब्रिटिश म्यूझियम ही संस्था १७५३ सालीं स्थापन झाली व १७५९ पासून ती लोकांस खुली आहे. आंत जाण्यास फी पडत नाहीं. मीं मोठा बेत रचला होता. मिसर देशाच्या ममी पाहावयाच्या, आपल्या अमरावतीच्या स्तूपाचीं शिल्पें पाहावयाचीं, सर्व कांहीं वहींत टिपून आणावयाचें आणि शाळा उघडतांच वर्गांत सांगावयाचें! बाळानें तो बेत पहिल्या अर्ध्या तासांतच मोडून टाकला. रोझेटाच्या शिळेभोंवतीं यात्रेसारखी दाटी होती. जिच्यावरील तीन लिप्यांच्या साहाय्यानें शांपोलियों या फ्रेंच पंडितानें १८२२ सालीं मिसरी चित्रलिपीचें कोडें सोडविलें, ती शिळा मीं लोकांच्या खांद्यांवरून ओझरतीच पाहिली. कारण तेवढ्यांत बाळानें असा कांहीं सूर लावला कीं, शिळेकडे पाठ फिरवून सारी मंडळी आम्हांकडेच पाहूं लागली. एक वृद्ध पहारेकरी जवळ आला. आतां हा रागें भरणार म्हणून मी ओशाळलें. पण त्यानें हंसून बाळाला बोट दिलें, आणि जवळच्या शांत दालनाची वाट दाखविली.

त्या दालनांत अश्शूरी राजांच्या महालाचे द्वारपाल उभे आहेत. धड बैलाचें, पंख गरुडाचे, मुख दाढीवाल्या पुरुषाचें. उंची दोन पुरुषांहून अधिक! त्यांना पाय मात्र पांच आहेत. समोरून पाहिलें तर बैल स्तब्ध उभा दिसावा व बाजूनें पाहिलें तर चालतांना दिसावा, म्हणून शिल्पकारानें ही युक्ति योजिली. बाळ त्या कुरळ्या दाढीकडे टक लावून राहिलें आणि रडावयाचें विसरलें. मग त्याला दूध पाजण्यासाठीं बहीण आडबाजूस बसली, व मी एकटीच आंतल्या खोलींत शिरलें.

ती खोली लाखीशची होती. २ राजे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायांत अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा देशावर चालून आल्याचा वृत्तांत आहे, तो रविवारच्या शाळेंत तुमच्यापैकीं कित्येकांनीं ऐकला असेल. इ. स. पूर्व ७०१ मध्यें त्यानें लाखीश हें तटबंदीचें नगर घेतलें, आणि त्या विजयाचें चित्र निनवे येथील आपल्या महालाच्या भिंतींवर दगडांत कोरविलें. पुढें तें नगर मातींत गडप झालें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयर्ड या इंग्रज संशोधकानें तो महाल उकरून काढला, तेव्हां या भिंती पुन्हां उजेडांत आल्या. बायबलांतील एका प्रसंगाचें, शत्रूच्याच कारागिरांनीं कोरलेलें, हें समकालीन चित्र आहे. मोर्चे, तटावर चढणारीं यंत्रें, धनुर्धारी, गोफणवाले, सर्व कांहीं त्यांत आहे.

परंतु माझी दृष्टि खिळली ती एका बैलगाडीवर. नगर पडलें आहे, लोक देशोधडीस निघाले आहेत, आणि गाडींत बांधलेल्या बोचक्यांवर बायका व लहान मुलें बसलीं आहेत. त्या मुलांस लढाई कशासाठीं झाली हें ठाऊक नाहीं. घर मागें राहिलें एवढेंही कदाचित् ठाऊक नसेल.

तें चित्र पाहतां पाहतां मला माझी आजी आठवली. मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर वीज उत्पन्न करण्यासाठीं धरण बांधावयाचें ठरलें, आणि आपल्या मुळशी पेट्यांतील सुमारें पन्नास गांवें पाण्याखालीं जाणार असें झालें. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी होते. बायकांनींही तुरुंग पत्करला. १९२४ पर्यंत लढा चालला. पण अखेर पाणी चढलें. माझी आजी त्या वेळीं दोन-तीन वर्षांची. तिच्या आईनें तिला गाडींतल्या बोचक्यावर बसविलें आणि तीं सारीं पौडच्या वाटेनें पुण्यास आलीं. पुढें मिशनच्या आवारांत त्यांस आसरा मिळाला. पाटा जड म्हणून मागें टाकला, परंतु वरवंटा तेवढा आईनें पदराखालीं घेतला, असें आजी सांगत असे. तो बिनपाट्याचा वरवंटा आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें पडून होता. आजी त्याची गोष्ट सांगूं लागली कीं, “पुन्हां तीच गोष्ट!” म्हणून मी पुस्तक घेऊन उठून जात असें.

इतक्यांत बाळाला कडेवर घेऊन बहीण आली. तिनें ती गाडी पाहिली, आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच म्हणाली, “ताई, आजीचा वरवंटा तुझ्याकडेच ना? बाळ मोठें झालें म्हणजे त्याला दाखवीन म्हणतें.”

विद्यार्थीमित्रांनो, मला उत्तर देतां येईना. दहा वर्षांपूर्वीं घराची डागडुजी चालली असतां गवंड्यानें, “बाई, हा दगड ठेवूं का?” म्हणून विचारलें होतें, आणि मीं हात हलवून तो ढिगाऱ्यांत टाकावयास सांगितला होता. परक्यांनीं सत्तावीसशें वर्षांचा दगड हजारों कोस वाहून नेऊन जतन केला, आणि इतिहास शिकविणाऱ्या मीं माझ्या पणजीच्या पदराखालचा दगड स्वतःच्या हातानें घालविला! मीं तें बहिणीस तेथेंच सांगितलें. ती रागावली नाहीं. थोडा वेळ थांबून एवढेंच म्हणाली, “मग गोष्ट तरी लिहून ठेव.”

निघतांना मीं एक गोष्ट पाहिली, ती तुम्हांस सांगितलीच पाहिजे. त्याच चित्रांत सन्हेरीब उंच सिंहासनावर बसून लूट स्वीकारीत आहे. पण त्याचा चेहरा जागेवर नाहीं. इ. स. पूर्व ६१२ मध्यें निनवे पडलें, तेव्हां शत्रूंनीं तो छिनून टाकला असावा असें विद्वान् मानतात. ज्यानें हें सर्व आपल्या गौरवासाठीं कोरविलें, त्याचें मुख गेलें. आणि ज्यांस त्यानें केवळ लूट म्हणून कोरविलें, तीं गाडींतलीं मुलें अद्याप आहेत. आमच्या बाळानें त्यांच्याकडे हात पुढें केला आणि तें खुदकन् हंसलें.

परत आल्यावर मीं एक कोरी वही घेतली आहे. आजीच्या जितक्या गोष्टी स्मरतात तितक्या तींत उतरवीत आहें; पण उठून गेल्यामुळें ज्या ऐकल्याच नाहींत, त्यांचीं पानें कोरींच राहणार. तुमच्यांतील पुष्कळांच्या आज्या-आजोबांनीं त्यांच्या वाडवडिलांकडून या पाण्याखालच्या गांवांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. उन्हाळ्यांत धरणाचें पाणी ओसरलें म्हणजे जुन्या गांवांच्या खुणा उघड्या पडतात, त्या त्यांच्याबरोबर जाऊन पाहा. घरांत एखादें जुनें जातें, समई, दस्तऐवज असेल, तर तें कोणाचें होतें हें आजच विचारा व लिहून ठेवा. आणि आईबापांस माझी विनंति एवढीच कीं, मूल लहान आहे, त्याला काय कळतें, असें म्हणून त्याला मागें ठेवूं नका. कळण्याची वेळ येईल तेव्हां सांगणारें माणूस असेलच, असा कोणाचाही भरंवसा नाहीं.