वाघाले सातबारा कोनी मांगतला?

ज्ञानगंगा अभयारण्यात जायचं ठरलं तेव्हा चळवळीतल्याच एकानं आम्हाला टोमणा मारला, "आता आंबेडकरी पोरं वाघ पाहत फिरणार का?" का फिरू नये? जंगल जनतेचं आहे आणि आम्हीही जनताच आहोत.

बुलढाण्याहून बोथा घाटातून खामगावला जाणारा रस्ता याच जंगलातून जातो. २०५ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आम्ही आयुष्यभर एसटीच्या खिडकीतून पाहिलं. आत पाऊल टाकलं ते या उन्हाळ्यात, एका मित्रासोबत. त्याचं गाव जंगलाला लागूनच आहे.

गेटवर नाव, गाव, आधार कार्ड, पावती. आत पानगळ झालेला साग, सालई, अंजन. रोही दिसले, मोर दिसले. अस्वल दिसलं नाही, पण त्यानं उकरलेलं वारूळ दिसलं. मग सोबतच्या गाईडनं 'वॉकर'ची गोष्ट काढली. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला हा वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात शिरला, परत आला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळली. एकूण भटकंती ३,००० किलोमीटरच्या वर. रात्री कपाशीच्या शेतातून चालायचं, दिवसा नाल्यात दडायचं.

मित्र हळूच म्हणाला, "त्याले कोनी सातबारा मांगतला का?"

गाईड हसला. आम्हाला हसू आलं नाही, कारण मित्राच्या घरची फाईल आम्हाला माहीत होती. त्याच्या आज्यानं जंगलाच्या कडेला दोन एकर वहितीखाली आणली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्याच्या बापानं दावा केला आणि तो पुराव्याअभावी फेटाळला गेला. हा कायदा अनुसूचित जमातींसाठी आहे, तसा 'इतर पारंपरिक वननिवासीं'साठीही आहे. पण या दुसऱ्या गटाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. हिशोब करा. साल येतं १९३०. त्याच साली मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसं सत्याग्रहाला उभी होती. ज्यांना देवळाचं दार बंद होतं, त्यांचं नाव जमिनीच्या कागदावर कोण चढवणार होतं?

वाघाशी आमचं भांडण नाही. तो जगलाच पाहिजे. भांडण त्या मेजाशी आहे, जिथं भूमिहीनाला आधी 'अतिक्रमक' म्हणतात आणि मग त्याचं ऐकतात. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये ६ डिसेंबरलाच भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला, त्यात पडीक जमिनीचीच मागणी होती. आपण महापरिनिर्वाण दिनाला अभिवादन करतो, पण त्या तारखेची ही दुसरी ओळख किती पोरांना ठाऊक आहे?

परतताना मित्रानं गाडी त्या दोन एकरांच्या धुऱ्यावर थांबवली. जमीन नांगरलेली, पावसाची वाट पाहत असलेली. आम्ही तिथंच बसून कायद्याचे नियम वाचले. नुसता कागदच नव्हे, गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. उपविभागीय समितीनं दावा नाकारला तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं. त्याच्या बापाला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. नकाराची लेखी प्रतसुद्धा हातात दिली नव्हती.

आधी ती प्रत मागायची, असं ठरलं. आणि गावात ऐंशीच्या पुढची चार माणसं आहेत. रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.