दहाचा फ्यूज

मावळातील पाऊस मालाची परीक्षा पाहतो, तशी गाडीचीही. कामशेतहून लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांकडे आम्ही शेंगदाणे आणि गूळ पोहोचवतो. त्यासाठी एक जुनी व्हॅन आहे. ती चालविणारे गृहस्थ अकरा वर्षे आमच्याकडे आहेत. घरातील मुले त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.

गेल्या श्रावणात व्हॅनचे मागचे दिवे वारंवार विझू लागले. पाहावे तो १० अँपिअरचा फ्यूज उडालेला. नवा घालावा, दोन दिवस बरे जावेत, पुन्हा तेच. मामा म्हणाले, “शेठ, रिकाम्या गाडीत उडत नाही. माल भरला की उडतो.” मी हसलो. विजेला गोणीचे वजन कसे कळणार? महिन्यापूर्वी मामांनी हौसेने टेप बसवला होता. त्याच्यावरच मी खापर फोडले, तेही दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी टेप काढून त्यांनी फळीवर ठेवला. फ्यूज उडायचा थांबला नाही.

एके दिवशी दुपारी चार वाजता माल भरून मीही त्यांच्याबरोबर निघालो. कार्ला फाट्याच्या अलीकडेच दिवे गेले. धुके एवढे दाट, की मागचे दिवे नसताना पुढे जाणे धोक्याचे होते. मला तर चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घरी परतायचे होते. जवळचे दहाचे फ्यूज संपले होते. डबीत एक २० अँपिअरचा होता. मामा “नको” म्हणाले. मी स्वतःच्या हाताने तो बसविला. वलवणच्या सुमारास जळका वास येऊ लागला. मामांनी गाडी कडेला घेतली, दिवे बंद केले आणि भर पावसात बॅटरीची तार सोडविली. अनर्थ टळला तो त्यांच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी वायरिंगच्या मिस्त्रींनी हत्यार हाती घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, “फ्यूज नेमका केव्हा उडतो?” मामा गप्प राहिले. अखेर त्यांचेच वाक्य मला माझ्या तोंडाने सांगावे लागले. मिस्त्री म्हणाले, “मग अर्धे काम झाले.”

त्यांनी हिशेब मांडला तो व्यापाऱ्याला सहज समजावा असा. पुढचे-मागचे छोटे दिवे पाच-पाच वॅटचे. नंबरप्लेटचा आणि डॅशबोर्डचे धरून सगळे तीस वॅटच्या आसपास. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह अडीच अँपिअर. अडीचच्या खर्चाला दहाची तिजोरी रिकामी होत असेल, तर वाटेत कोठेतरी गळती आहे. गाडीत दिव्याकडे जाणारी तार एक. परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा पत्राच. तारेचे आवरण झिजून तांबे पत्र्याला टेकले, की वीज दिव्याला वगळून थेट परत फिरते. त्याचेच नाव शॉर्ट. अशा वेळी स्वतः वितळून तार वाचविणे हे फ्यूजचे कर्तव्य. प्रवाह दुप्पट झाला, तर तारेतील उष्णता चौपट होते. वीसचा फ्यूज घालून मी पहारेकऱ्याला झोपविले होते. आता तारच फ्यूज झाली होती.

मिस्त्रींनी बाहेरचे सर्व बल्ब काढले, फ्यूजच्या जागी एक मोठा बल्ब जोडला आणि दिव्यांचे बटण चालू केले. शॉर्ट असेल तर हा बल्ब प्रखर पेटणार. तो मध्ये असल्याने प्रवाह मर्यादेत राहतो आणि शांतपणे शोध घेता येतो. रिकाम्या गाडीत बल्ब विझलेला राहिला. मामांनी डाव्या बाजूला दोन गोण्या रचल्या. बल्ब लखकन पेटला! गोणी ओढली, विझला.

आतला पॅनेल उघडला. गोण्यांनी रंग खरवडू नये म्हणून चैत्रात मीच उभे राहून लोखंडी पट्टी मारून घेतली होती. तिच्या एका स्क्रूचे टोक पलीकडे निघून तारांच्या जुडग्यात घुसत होते. गोणी दाबली, की टोक रुते. टेपचा संबंध नव्हता.

जळालेला भाग कापून मिस्त्रींनी त्याच जाडीची नवी तार घातली, डाग दिला, वर आवरणाची नळी चढवून ती तापवून घट्ट केली. मऊ पडलेली पुढची तारही बदलली. जुडगा स्क्रूपासून दूर बांधला, स्क्रू आखूड केला आणि दहाचाच फ्यूज घातला.

पुढे संवत्सरी आली. क्षमापनेची छापील पत्रे दरवर्षीप्रमाणे मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांना गेली. प्रतिक्रमणात वर्षभराचे दोष आठवताना मात्र मला सारखी ती फळी दिसत होती. एक नियम पाळण्याच्या घाईत मी एका माणसाचा जीव धोक्यात घातला होता. त्याआधी त्याचा मान घालविला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाइके असतानाच मी मामांसमोर हात जोडले आणि म्हणालो, “मिच्छामि दुक्कडम्. चूक माझी होती.”

मामा अवघडले. थोड्या वेळाने फळीकडे पाहत म्हणाले, “शेठ, मग टेप पुन्हा बसवू का?”

टेप बसला. त्याला स्वतंत्र फ्यूजही आहे.